प्रकाशाचे ठिपके : एका हरलेल्या युक्तीची हकीकत

मोबाईल फोन नाहीं असें घर आमच्या वाचकांत आतां शोधूनही सांपडणार नाहीं. त्यांपैकीं पुष्कळ फोनांचे पडदे अशा जातीचे असतात कीं, त्यांच्या पाठीमागें दिवा नसतो. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका आपल्याच तेजानें उजळतो, आणि काळोख दाखवावयाचा झाला म्हणजे आपणच विझतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून यांस 'ओलेड' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. दुकानदार हें नांव मोठ्या रुबाबानें उच्चारतो व गिऱ्हाईक तें मान डोलावून ऐकतें. परंतु तांबडे, हिरवे व निळे ठिपके एकमेकांत न मिसळतां इतक्या दाटीनें मांडले कसे जातात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. या प्रश्नाच्या पोटांत एका सुरेख युक्तीची हकीकत दडलेली आहे. प्रयोगशाळेंत या युक्तीनें प्रतिस्पर्ध्यावर ताण केली, आणि कारखान्यांत मात्र ती हरली. ती कां हरली हें समजून घेण्याजोगें आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम पडद्याच्या घडणीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कांहीं सेंद्रिय, म्हणजे कर्बयुक्त, पदार्थांतून वीज खेळविली असतां उजेड निघतो, हें शास्त्रज्ञांस बरेच दिवसांपासून ठाऊक होतें. न्यूयॉर्क विश्वविद्यालयांतील मार्टिन पोप व त्यांचे सहकारी यांनीं १९६३ सालीं अँथ्रासीनच्या स्फटिकांतून असा उजेड काढून दाखविला. पण त्यास शेंकडों व्होल्टांचा दाब लागे. शेंकडों व्होल्टांचें यंत्र खिशांत कोण बाळगणार? ही अडचण दूर झाली ती अमेरिकेंतील रोचेस्टर शहरीं, फोटोच्या फिल्मांबद्दल जगभर प्रसिद्ध असलेल्या ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेंत. हाँगकाँगमध्यें जन्मलेले चिंग टँग हे १९७५ पासून तेथें नोकरीस होते. उजेडापासून वीज काढणें हा त्यांचा मूळचा उद्योग. दोन निरनिराळ्या सेंद्रिय पदार्थांचे पातळ थर एकावर एक बसविले तर हें काम पुष्कळच चांगलें होतें, असें त्यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलें. तीच दुहेरी रचना उलट चालविली, म्हणजे विजेपासून उजेड मागितला, तर काय होईल? १९८७ सालीं टँग व त्यांचे सहकारी स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनीं जो दिवा जाहीर केला, तो १० व्होल्टांहूनही कमी दाबावर लख्ख हिरवा उजळत असे. त्याच्या दोन सेंद्रिय थरांची जाडी मिळून अवघी १३५ नॅनोमीटर होती. माणसाच्या एका केसाच्या जाडीचे सुमारें सहाशें भाग केले तर त्यांतला एक.

हा दिवा एका रंगाचा होता. रंगीत चित्राचें प्रकरण निराळें. एका इंचांत ३०० ठिपके मांडावयाचे म्हटले, तर एका ठिपक्याच्या वाट्यास मिलिमीटरचा बारावा हिस्सा येतो. त्याचे पुन्हां तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग करावयाचे, म्हणजे एकेका रंगास सुमारें २८ मायक्रॉन रुंदीची पट्टी मिळते. एक केस आडवा ठेवला तर त्याखालीं तिन्ही रंग झांकले जातात. सिलिकनच्या चकत्यांवर याहूनही कितीतरी बारीक नक्षी काढणारे कारखाने आहेत हें खरें. पण तेथें प्रकाशाच्या साह्यानें आकृति उमटवून नको असलेला भाग रसायनांनीं धुवून टाकितात. आमच्या या सेंद्रिय थरांस पाणी चालत नाहीं, द्रावण चालत नाहीं, हवेंतला प्राणवायूही चालत नाहीं. त्यांचें सोवळें इतकें कडक कीं, पूर्वीच्या काळच्या एकाद्या आजीबाईनेंही त्यांच्यापुढें हात टेकावे.

या अडचणींतून जी पद्धति कारखान्यांनीं काढली, ती समजण्यास आमच्या भगिनींस मुळींच प्रयास पडूं नयेत. काजळ धरावयाचें असलें म्हणजे दिव्यावर भांडें उपडें धरतात व वर जाणारे कण त्याच्या बुडाशीं बसतात. तसेंच झटपट रांगोळी काढावयाची असली म्हणजे भोंकें पाडलेला पत्र्याचा छाप जमिनीवर ठेवून त्यावरून रांगोळी फिरवितात. या दोन क्रियांचें लग्न लावा. एका पोलादी कोठडींतली हवा जवळजवळ सर्व उपसून काढतात. खालीं मुशींत सेंद्रिय पदार्थ तापवितात, वर कांच पालथी टांगतात, आणि कांचेच्या लगत खालून अतिशय बारीक भोंकांचा धातूचा छाप धरतात. मुशींतून निघालेली वाफ भोंकांतून जाऊन कांचेवर थिजते. एका छापानें तांबडा बसला, कीं दुसऱ्यानें हिरवा, तिसऱ्यानें निळा.

हा छाप ज्या धातूचा करतात त्याचीही गंमत आहे. लोखंडांत शेंकडा ३६ निकेल मिसळलें म्हणजे इन्व्हार नांवाचा मिश्रधातु होतो. तो तापला तरी वाढत नाहीं म्हटलें तरी चालेल. शार्ल एदुआर गियोम यांनीं तो १८९६ सालीं शोधिला, व निकेल-पोलादावरील या कामगिरीबद्दल त्यांस १९२० सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. मोजपट्ट्या व घड्याळें यांच्या अचूकपणासाठीं ज्याचा उपयोग झाला, तोच धातु शंभर वर्षांनीं फोनच्या पडद्यास उपयोगी पडला. मीटरभर लांबीचा साधा लोखंडी पत्रा एका अंशानें तापला तर सुमारें १२ मायक्रॉन वाढतो. इन्व्हारचा एक मायक्रॉनच्या आसपास. जेथें सारी पट्टी २८ मायक्रॉनांची, तेथें या फरकाची किंमत काय आहे तें सांगावयास नको.

इतकें करूनही छापाचे दोष उरतातच. तो केसाहून पातळ असावा लागतो, नाहीं तर भोंकाच्या कडेची सांवली पडून ठिपक्याचे कांठ पुसट होतात. पातळ केला तर मध्यें लोंबतो. कांच जितकी मोठी, तितका छाप मोठा, व तितकें त्याचें लोंबणें अधिक. भोंकें हळूहळू बुजतात, म्हणून तो वरचेवर धुवावा लागतो. आणि सर्वांत मन खाणारी गोष्ट ही कीं, सोन्याच्या मोलानें घेतलेल्या रसायनाचा पुष्कळ मोठा भाग कांचेवर न पडतां छापावर व कोठडीच्या भिंतींवर बसून वायां जातो. फोनएवढ्या पडद्यास हें परवडतें. भिंतीवरच्या दूरदर्शनाच्या पडद्यास परवडेना.

येथें ती युक्ति रंगभूमीवर येते. टंकलेखनाच्या किंवा पावतीपुस्तकाच्या कार्बन-कागदानें ज्यांचीं बोटें एकदां तरी काळीं झालीं आहेत, त्यांस ती ताबडतोब कळेल. दोन कागदांमध्यें कार्बन-कागद घालून वर लेखणी टेंकली, कीं जेथें दाब पडला तेथेंच खालच्या कागदावर रंग उतरतो. भरतकामाची नक्षी कापडावर उतरवितांना छापील कागद उलटा ठेवून वरून गरम इस्त्री फिरवितात, तोही हाच प्रकार, फक्त दाबाच्या जागीं उष्णता. आतां इस्त्रीऐवजीं लेसरचा किरण घ्यावा आणि नक्षीच्या रंगाऐवजीं प्रकाश देणारें द्रव्य घ्यावें. उष्णतेच्या स्थलांतरानें ठिपके मांडण्याची पद्धति ती हीच.

ती प्रथम नांवारूपास आणली दोन कंपन्यांनीं मिळून. चिकटपट्ट्या व नाना तऱ्हेच्या फिल्म करण्यांत मुरलेली अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांतली थ्री-एम ही एक. दूरदर्शनाच्या चित्रनळ्या करण्यांत हयात घालविलेली कोरियांतली सॅमसंग एसडीआय ही दुसरी. २००४ सालीं त्यांनीं आपलें काम या धंद्यांतील विद्वानांच्या परिषदेपुढें मांडलें. त्याची रीत अशी. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर काजळीसारख्या काळ्या द्रव्याचा एक थर देतात. लेसरचा उजेड गिळून त्याची उष्णता करणें हें त्याचें काम. त्यावर मधला एक संरक्षक थर असतो, कारण काळ्या थरांतला कण पुढें जातां कामा नये. सर्वांच्या वर, ज्याचें स्थलांतर करावयाचें तो प्रकाशदायी थर, समजा तांबडा. ही फिल्म कांचेवर पालथी अंथरून घट्ट बसवितात. मग पाठीमागून, डोळ्यांस न दिसणारा अवरक्त लेसर आरशांच्या हालचालीनें हव्या तेवढ्याच पट्ट्यांवरून फिरवितात. किरण जेथून जातो तेथें काळा थर डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत तापून फुगतो, त्याच्या ढकलीसरशीं तांबडा थर फिल्मपासून सुटतो व कांचेस जाऊन चिकटतो. शेवटीं फिल्म सोलून घ्यावयाची. तापलेल्या पट्ट्या कांचेवर राहतात आणि न तापलेला भाग फिल्मबरोबर निघून येतो. मग हिरवी फिल्म, मग निळी.

यांत छाप नाहीं, त्यामुळें लोंबणें नाहीं व बुजणेंही नाहीं. कांच केवढीही मोठी असो, किरणास अधिक लांब फिरवावें लागेल एवढेंच. नक्षी बदलावयाची तर नवा छाप घडवीत बसण्याचें कारण नाहीं; यंत्रास नवी आज्ञा दिली कीं झालें. आणि बारकाईच्या बाबतींत तर या पद्धतीनें कमालच केली. २००५ सालीं सॅमसंग एसडीआयनें या रीतीनें बनविलेला, इंचांत ३०२ ठिपके असलेला पडदा जाहीर केला. याचें महत्त्व ध्यानांत यावें म्हणून पुढील आंकडा द्यावासा वाटतो. याच घराण्यांतील गॅलॅक्सी एस हा फोन २०१० सालीं बाजारांत आला. छापाच्या पद्धतीनें केलेल्या त्याच्या पडद्यावर इंचांत २३३ ठिपके होते, आणि तेही पुरते नव्हते. हिरवे ठिपके पूर्ण संख्येनें ठेवून तांबडे व निळे निम्मेच ठेवलेले, व प्रत्येकानें शेजाऱ्याच्या रंगावर भागवून घ्यावें अशी योजना! मनुष्याचा डोळा बारकावा मुख्यतः हिरव्यावरून टिपतो, म्हणून हें खपून गेलें. पांच वर्षांपूर्वीं ज्यांच्या हातीं लेसरची लेखणी आली होती, त्यांनींच पुन्हां रांगोळीचा छाप कां उचलावा?

भांडवलवाले भित्रे असतात, झालेला खर्च वायां जाऊं देत नाहींत, म्हणून चांगल्या कल्पना मरतात, असें कित्येक लेखक अशा वेळीं लिहितात. आम्हांस या प्रकरणीं तें मान्य नाहीं. खरें कारण पडद्याच्या पोटांत आहे. या दिव्याची सारी किमया दोन थर जेथें एकमेकांस भिडतात त्या सीमेवर घडते. एका बाजूनें ऋण विद्युत्कण येतात, दुसऱ्या बाजूनें धन, आणि सीमेच्या आसपास त्यांची भेट होऊन उजेड पडतो. निर्वात कोठडींत वाफेचे थर एकावर एक बसतात तेव्हां ही सीमा बाहेरचें जग कधीं पाहतच नाहीं. एक थर बसला, कीं लगेच त्यावर दुसरा. फिल्मच्या पद्धतींत नेमकी हीच सीमा उघडी पडते. खालच्या थराची पाठ फिल्मच्या येण्याची वाट पाहत राहते, फिल्मवरचा थर आपला प्रवास करून येतो, आणि मग दोघांस दाबून भेटवावयाचें. मध्यें धुळीचा कण किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर तेथें ठिपका मेला. भरींत लेसरची आंच. ती क्षणभरच असली तरी इतक्या नाजूक रेणूंस ती सोसवत नाहीं. लांब साखळीच्या रेणूंचे थर तर पट्टीच्या कांठावर नीट तुटतही नाहींत. ते सुबक तुटावेत म्हणून त्यांत परकें द्रव्य मिसळावें, तर उजेडाच्या कामांत त्याचा अडथळा. परिणाम असा कीं, लेसरनें मांडलेला ठिपका पहिल्या दिवशीं सुंदर दिसे, पण वाफेनें बसविलेल्या भावंडापेक्षां कमी उजेड देई व लवकर थके. निळ्याची कथा तर विचारूंच नये. तो रंग कोणत्याही पद्धतीनें बसविला तरी तिघांत अल्पायुषीच.

गिऱ्हाईक सूक्ष्मदर्शक घेऊन ठिपके मोजीत नाहीं. पण दोन वर्षांनीं पडद्यावर पिंवळट झांक आली तर तें दुकानदाराच्या दारांत उभें राहतें.

स्पर्शानें घात होतो तर स्पर्शच टाळावा, असें दोन ठिकाणच्या मंडळींस सुचलें. देवापुढचा कापूर उघडा ठेवला तर वितळल्यावांचून उडून जातो, हें आपण रोज पाहतों. बरेचसे प्रकाशदायी सेंद्रिय पदार्थही याच स्वभावाचे आहेत. म्हणून त्यांनीं फिल्म कांचेस चिकटविण्याऐवजीं मध्यें एक सूक्ष्म फट ठेविली, फटींतली हवा काढून टाकिली, आणि लेसरनें तापवून पदार्थाची वाफ समोरच्या कांचेवर उडविली. कार्बन-कागद आणि काजळ यांचा हा मिलाफच म्हणावयाचा. कोडॅकनें आपली या जातीची रीत २००५ सालीं प्रसिद्ध केली. जपानच्या सोनी कंपनीनें २००७ सालीं याच तत्त्वावर, फिल्मऐवजीं धातूचा उष्णताग्राही थर दिलेली कांच वापरून, २७.३ इंचांचा पडदा करून दाखविला. त्यांतली एक खुबी आम्हांस फार आवडली. निळा रंग नाजूक म्हणून त्यास लेसर लावावयाचाच नाहीं, असें सोनीच्या लोकांनीं ठरविलें. तांबड्या व हिरव्या पट्ट्या तेवढ्या लेसरनें उतरवून घेतल्या आणि निळा थर जुन्या वाफेच्या पद्धतीनें सरसकट सर्वांवर पसरला. निळ्याच्या जागीं तो निळा उजेड देतो. तांबड्या-हिरव्यांच्या डोक्यावर मात्र मुकाट्यानें वीज वाहून नेण्याचें काम करतो. ज्याची प्रकृति नाजूक त्यास घरांत सोपें काम देण्याचा हा व्यवहारी शहाणपणा!

परंतु या उपायानेंही बाजी पालटली नाहीं. सोनीनें २००७ च्या डिसेंबरांत जपानांत जो ११ इंची ओलेड दूरदर्शनसंच विकावयास काढला, त्याची किंमत दोन लक्ष येन होती व जाडी ३ मिलिमीटर. कौतुक फार झालें, खप बेताचा. कोडॅकच्या घरचे दिवस त्या आधींच फिरले होते. फिल्मचा धंदा अंकात्मक कॅमेऱ्यांनीं गिळला, आणि स्वतःच्या प्रयोगशाळेंत जन्मलेलें हें तान्हें बाळ कंपनीनें २००९ च्या अखेरीस कोरियाच्या एलजीस विकून टाकिलें. २०१२ च्या जानेवारींत कोडॅकनें दिवाळखोरीच्या न्यायालयांत अर्ज केला. टँग यांस त्या आधींच्या वर्षीं रसायनशास्त्राचें वुल्फ पारितोषिक व पुढें २०१९ सालीं क्योटो पारितोषिक मिळालें. शोधकाचा सत्कार आणि शोध पोसणाऱ्या पेढीचें दिवाळें एकाच सुमारास व्हावें, हें पाहून मन विषण्ण होतें.

एलजीनें मग काय केलें? त्यांनीं ठिपके मांडण्याचा नादच सोडला! सर्व कांचेवर एकसारखा पांढरा उजेड देणारे थर पसरावयाचे, आणि वर रंगीत गाळण्या बसवावयाच्या. उजेडाचा बराच भाग गाळणींत अडतो, पण लेसरही नको आणि बारीक छापही नको. याच रीतीचे ५५ इंची संच त्यांनीं २०१३ सालीं विकावयास आणिले. २०१७ पासून सोनीनेंही आपल्या मोठ्या संचांकरितां एलजीचेच पडदे घेतले. सॅमसंगनें २०२२ सालीं मोठ्या पडद्यांसाठीं निराळी वाट काढली: सर्वत्र निळाच उजेड पसरावयाचा, व त्याचा तांबडा-हिरवा करण्याचें काम वरच्या सूक्ष्म कणांकडे द्यावयाचें. जपानांत रंगीत द्रवाचे थेंब छापखान्याप्रमाणें उडवून पडदे करण्याचा मोठा प्रयत्न झाला. त्यासाठीं २०१५ सालीं जेओलेड ही कंपनी निघाली, आणि २०२३ च्या मार्च महिन्यांत तिनेंही न्यायालयाचा दरवाजा ठोठावला.

फोनांत मात्र छापच टिकला. टिकला एवढेंच नव्हे, सुधारलाही. लेसरची पद्धति आपल्या दुखण्यांतून बरी होण्याची वाट पाहत असतां छाप करणारे लोक भोंकें बारीक, पत्रा पातळ व जुळणी अचूक करीत चालले होते. छाप लहान लहान पट्ट्यांचा करून तो चौकटींत ताणून बसवूं लागले, म्हणजे लोंबण्याचा प्रश्न आटोक्यांत आला. २०१३ च्या गॅलॅक्सी एस-४ मध्यें इंचांत ४४१ ठिपके होते व २०१५ च्या एस-६ मध्यें ५७७, अर्थात् तांबड्या-निळ्यांची ती भागीदारी चालू ठेवूनच. २००५ सालचा तो ३०२ चा विक्रम यापुढें लहान दिसूं लागला. कल्पना म्हणून फिल्मची युक्ति छापापेक्षां सरस होती, असें आम्हांस अजूनही वाटतें. पण छापाच्या व्याधी लोहारकामाच्या होत्या, आणि फिल्मच्या व्याधी खुद्द रेणूच्या स्वभावांतल्या होत्या. पहिल्या व्याधींवर कुशल कारागिराचा हात चालतो.

लेसर मात्र या कारखान्यांतून कायमचा हद्दपार झाला असें समजूं नये. ठिपक्यांना आज्ञा देणारे जे सिलिकनचे सूक्ष्म विद्युत्-दरवाजे पडद्याच्या तळाशीं असतात, त्यांचें सिलिकन लेसरनेंच तापवून सुघटित करतात. सेंद्रिय थर बसण्यापूर्वींचें हें काम असल्यानें कोणाचें सोवळें मोडत नाहीं. आणि जे पडदे वांकतात किंवा वहीसारखे मिटतात, ते जाड कांचेवर पसरलेल्या पॉलिइमाइडच्या पातळ पापुद्र्यावर तयार करून, सगळें काम संपल्यावर कांचेच्या पाठीमागून अतिनील लेसर फिरवून अलगद सोडवून घेतात. रंग चिकटविण्याच्या कामीं जो किरण नापास झाला, तो आतां तयार पडदा कांचेपासून सोलण्याच्या कामावर आहे.